पिंजऱ्यातले सहा तास

नवऱ्याने पिल्लू घरी आणलं ते डब्याच्या पिशवीतून. तो आनंदनगरच्या कारखान्यात कामाला. तिथे रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोखाली एक कुत्री गेली आणि तिच्या पिल्लांतलं हे एकच जगलं. दोन महिन्यांचं असेल. मी म्हटलं, "चौथ्या मजल्यावर कुत्रा?" तो म्हणाला, "जरा मोठं होईपर्यंत ठेवू." बदलापुरात, खरवईच्या आमच्या वन बीएचकेमध्ये आम्ही तिघं : तो, मी आणि सासूबाई.

पहिले पंधरा दिवस मी नुसतं पुसत होते. सोफ्याखाली, ओट्याखाली, चपलांवर. खाली न्यायला निघालं की लिफ्ट येईपर्यंत दारातच उरकायचं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "क्रेट घ्या. कुत्रं झोपायच्या जागी सहसा घाण करत नाही. झोपेतून उठलं, खाल्लं, खेळलं, की लगेच खाली न्यायचं. रोज त्याच वेळी." मी उल्हासनगरहून पिंजरा आणला. दुकानदार म्हणाला, "बडा लो दीदी, बाद में भी काम आएगा." मोठाच घेतला. फ्रीजवर वेळापत्रक चिकटवलं.

पण ते पाळायला घरात माणूस हवं. नवरा सहाच्या पाळीला, परत यायला दोन. मी आठला अंबरनाथला, औषधांच्या पॅकिंगवर. सासूबाईंनी आधीच सांगितलं होतं, "मला कुत्र्याची भीती वाटते. मी हात लावणार नाही." म्हणून आठ ते दोन, सहा तास पिल्लू पिंजऱ्यात. ते एका कोपऱ्यात मुतायचं, दुसऱ्यात झोपायचं, मग तेच तुडवत भुंकत बसायचं. शेजारच्यांनी दोनदा बेल वाजवून सुनावलं. घराला फिनेलचा आणि मुताचा मिळून एकच वास येऊ लागला. तो वास माझ्या कपड्यांनाही येतो की काय, म्हणून कामावर मी कोणाजवळ बसेना.

एका संध्याकाळी त्याने सासूबाईंच्या सतरंजीवर केलं. बुद्धमूर्तीपुढे त्या रोज वंदनेला बसतात, ती सतरंजी. त्यांनी ती उचलून धुवायला टाकली. मी मात्र पेपरची गुंडाळी करून पिल्लाला मारलं. एकदा नाही, तीनदा. ते ओरडलं नाही, जमिनीला चिकटून बसलं. पुढे मला पाहिलं की ते वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन करायला लागलं.

रविवारी सकाळी वंदना करून सासूबाई उठल्या आणि त्याने ओल्या केलेल्या फरशीवर पाय घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून आल्यावर मीच म्हटलं, "उद्या मी सोडून येते."

बदलापूरच्या बाजारात रानभाज्या विकणारी एक बाई आमच्या ओळखीची. बारवी धरणाच्या बाजूला तिचा पाडा. सोमवारी रजा टाकली, पिल्लाला पिशवीत घालून स्कूटीवर गेले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. दोन हायत, हा तिसरा." तिने त्याला खुंटीला बांधलं, कारण ते माझ्या मागे येत होतं. मी वळून पाहिलं नाही. अर्ध्या वाटेत गाडी थांबवली, तेव्हा कळलं की मला हलकं वाटतंय. त्याचीच लाज वाटली.

घरी सासूबाईंनी विचारलं, "कुठंय ते?"

"सोडलं, आई."

"कोणाला विचारून?"

"तुमचा हात मोडला ना!"

"पडले मी. बाहेर न्यायला माणूस नाही म्हणून घरात केलं त्याने. त्यात त्याचा काय गुन्हा? रिक्षा बोलाव."

गळ्यात हात अडकवलेल्या सासूबाईंना घेऊन मी परत पाड्यावर गेले. पिल्लू दोरीत गुरफटून बसलं होतं. मी उचलल्याबरोबर माझ्या अंगावर मुतलं. सासूबाईंना हसू आलं, मला रडू.

दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टर. ते म्हणाले, "पिंजरा मोठा झालाय. पुठ्ठा लावून अर्धा करा. आणि एवढ्या पिल्लाला तीन तासांच्या वर कोंडायचं नाही. केल्यावर मारू तर नकाच." मी मान खाली घातली. सासूबाई म्हणाल्या, "मधलं मी बघते." डाव्या हातात पट्टा घेऊन, भिंतीला खांदा टेकवत, दहाला आणि बाराला त्या त्याला खाली नेऊ लागल्या. भीती गेली नव्हती. पट्टा लांब ठेवायच्या, इतकंच.

सगळं लगेच सुधारलं नाही. महिनाभर घरात होतच होतं. नवरा म्हणाला, "हे काही शिकणार नाही." मलाही तसंच वाटायचं. रोज संध्याकाळी दार उघडताना आधी वास घ्यायचे.

मग एका दुपारी सुपरवायझरने मला लाइनवरून बोलावलं. "घरून फोन आहे." सासूबाई कामाच्या वेळी कधीच फोन करत नाहीत. पुन्हा पडल्या, असंच मनात आलं. घाईत हातमोजेही निघेनात.

"काय झालं, आई?"

"काही नाही गं," त्या धापा टाकत म्हणाल्या, "त्याने आपणहून पिंजऱ्याचं दार खाजवलं. खाली नेलं, तर झाडाखाली केलं."

मी तिथेच खोक्यांवर बसले. सुपरवायझरने विचारलं, "सगळं ठीक ना?" "झाडाखाली केलं," मी म्हटलं.