लेकीच्या घरची फळी

गावात घर बांधायला निघालेला माणूस आधी गवंड्याकडे जाई आणि मग फळीकाकांकडे. हे नाव काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. भिंतीतल्या शेकोटीभोवती लाकडी चौकट करायची आणि तिच्या डोक्यावर जाडजूड फळी बसवायची, हा त्यांचा धंदा. त्यात हयात गेली आणि मूळ नाव लाकडाच्या भुशात गडप झालं.

काका मापाची टेप नंतर काढत. आधी घरातल्या सगळ्यांना शेकोटीपाशी उभं करत आणि म्हणत, "बोला काहीतरी. भांडलात तरी चालेल." माणूस बोलायला लागला की हात टेकायला जागा शोधतो, हे त्यांनी हेरलं होतं. जो सगळ्यात जास्त बोलेल, त्याच्या कोपराच्या उंचीला फळी! एका घरात सासूसुनेची अशी जुंपली, की काका पेन्सिल कानावर ठेवून दुपारपर्यंत बसून राहिले. शेवटी सुनेच्या कोपराने बाजी मारली. सासूबाईंनी पायाखाली ठोकळा घेतला, पण माघार घेतली नाही.

असा हा माणूस एकुलत्या एका लेकीपुढे मात्र गप्प. ती शिकायला म्हणून शहरात गेली, तिथेच रमली. सुट्टीला आली की म्हणायची, "बाबा, असल्या चौकटी हल्ली कोण करतं? सपाट भिंत, पुढे काच, झालं काम." काका हसण्यावारी न्यायचे, पण ते मनाला लागायचं. म्हणून लेकीने स्वतःचं घर बांधताना "चौकट तुम्हीच करा" असा फोन केला, तेव्हा त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"अहो, माप तरी घेऊन या," बायको म्हणाली.

"माझ्या लेकीचं माप? कडेवर खेळवलीय तिला. पाठ आहे मला."

"मग कडेवरचंच पाठ असेल!"

काकांनी ऐकलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे शाळेतून येऊन कामाच्या मेजाला टेकून चहाड्या सांगणारी पोर होती. तिच्याच मापाने त्यांनी अक्रोडाचे खांब कापले, फळी घोटून घोटून आरशासारखी केली.

लेकीच्या घरी चौकट उभी राहिली आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. फळी शेकोटीच्या तोंडापासून जेमतेम चार बोटं वर. पहिल्याच जाळाला करपली असती.

जावई सावरून घ्यायला गेला. "छान आहे की, बाबा. बाक म्हणून वापरू."

"बुड भाजून घ्यायचंय का, जावईबापू?" काका खिळे उपटायला लागले. लेकीकडे न बघताच म्हणाले, "तू बोलव तुझ्या त्या सपाट भिंतवाल्याला. माझं आता वय झालं."

"रुसून झालं असेल तर माप घ्या," लेक म्हणाली आणि शेकोटीपाशी येऊन उभी राहिली.

काकांनी मान वर केली. बरीच वर करावी लागली.

"एवढी कधी झालीस गं?"

"केव्हाच. तुम्ही कधी मोजलंत?"

काकांनी टेप काढली आणि तिच्या कोपरापर्यंत धरली. लाकूड कापता येतं, वाढवता येत नाही. मग म्हणाले, "खांबांखाली दगडी तळखडे घालू. उंचीही येईल, आणि विस्तवाशेजारी दगड बरा."

"मग ते जरा रुंद करा, मला कुंड्या ठेवायच्यात. आणि ही कड गोल हवी. आणि हो, अलीकडच्या खांबाला..."

ती सांगत सुटली. काका एकेक गोष्ट पेन्सिलीने लाकडावरच लिहून घेत होते.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाली?"

"काय म्हणणार? आयुष्यात इतकं किरकिरं गिऱ्हाईक बघितलं नाही," काका म्हणाले, आणि चहालाही न थांबता दगड बघायला निघाले.