पोळीखालचा चटका

त्या बैलाची केस माझ्या मनातून अजून गेलेली नाही. वाशीम जिल्ह्यात मी ठाणेदार असताना किन्हीराजा गावाकडची एक म्हातारी बैलचोरीची तक्रार घेऊन आली. भाजीपाला पिकवून मालेगावात विकणारी, घरात एकटीच. वर्णन विचारलं तर म्हणाली, "पांढरा हाये." आता जिल्ह्यातले निम्मे बैल पांढरेच! खूण विचारली, तेव्हा ती बोलू लागली.

"गळ्याखालची पोळी उचलली का छातीवर चटका दिसते साहेब. कफ भरला होता त्याच्या छातीत. आमच्या बुढ्यानं विळा तापवून डाग देल्ला. मंग रोज त्याच्या छातीले कान लावून बसे. बैल वाचला. बुढ्याच्या सोताच्या छातीत दुखे, ते कोनाले सांगतलं नाई त्यानं."

नवरा त्याच दुखण्यात गेला होता. मी फिर्याद नोंदवून घेतली.

पुढच्या बाजारात खबऱ्यानं टीप दिली. शिंगं नुकती तासलेला एक पांढरा बैल, आणि विकणाऱ्याला भारी घाई. बैलासकट त्याला ठाण्यात आणलं. बैल आवारातल्या कडुनिंबाला बांधला.

माणूस पक्का होता. "माह्या घरचा बैल हाये, वासरापासून मीच वाढवला," एवढंच घोकत राहिला. दमदाटीनं तो बधणार नव्हता. म्हणून मी त्याला बैलापाशी नेलं आणि गिऱ्हाईक विचारतं तसं सहज विचारलं, "कधी आजारीबिजारी पडला होता का?"

बाजारात उभं राहून लागलेली सवय ती! गडी लगेच फुलला. "आजारी? काय गोष्ट करता साहेब! लोखंड हाये लोखंड. डाक्टर कसा असते ते मालूम नाई त्याले. छाती तं पाहा!" असं म्हणून त्यानं स्वतःच बैलाच्या छातीवर थाप मारली.

मी पोळी उचलली. विळ्याच्या आकाराचा जुना डाग तिथं होता.

आमच्या हवालदारानं विचारलं, "मंग हा चटका कायले देल्ला रे?"

पुढचं सगळं त्यानं चहा यायच्या आत कबूल केलं.

न्यायालयाचा आदेश येईपर्यंत बैल मुद्देमाल म्हणून आवारातच राहिला. म्हातारी रोज बाजारातून परतताना उरलेली भाजी त्याला घालून जायची. ताबा मिळाला त्या दिवशी तिनं लगेच दावं सोडलं नाही. आधी खाली वाकली, पोळी बाजूला करून छातीला कान लावला आणि डोळे मिटले.

"बुढा हेच आयके," ती म्हणाली. मग तिनं दावं सोडलं.

त्या केसनं मला एक शिकवलं. चोरीला काय गेलं ते फिर्यादीत येतं, पण त्या माणसाचं काय गेलं ते वेगळं विचारावं लागतं. नंतरच्या नोकरीत मी ते विचारत आलो.

माझी बायको जाऊन आता बराच काळ लोटला. तिची फार आठवण येते. दुपारी घर शांत झालं की म्हातारीचं ते वाकणं डोळ्यांसमोर येतं, आणि खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटतो. कान लावायला तिच्याकडे तो बैल तरी होता.