काकडीचा मुहूर्त

मुलाखतीला येणाऱ्यांसाठी मी एक कागद छापून ठेवला आहे. त्यावर विचारू नयेत असे पाच प्रश्न आहेत. पहिला आईच्या हातच्या चवीचा. दुसरा, बाई असून या धंद्यात कशी आले त्याचा. उरलेले तीन किरकोळ आहेत. काही जणांना हा उद्धटपणा वाटतो. वाटू दे. त्यांचा अर्धा तास वाचतो आणि माझाही.

पहिल्याचं उत्तर एकदाच लिहून टाकते. माझी आई सरकारी कचेरीत पत्रव्यवहार सांभाळायची. सकाळी साडेआठला घर सोडायच्या आत तिची पोळीभाजी झालेली असायची. तिच्या हाताला चव होती का, हे मी कधी पाहिलं नाही, कारण तिनेही पाहिलं नव्हतं. डबे भरले की विषय संपला. तरी गेल्या वर्षी एका मासिकात छापून आलं की या शेफची प्रत्येक डिश आईच्या चुलीपासून सुरू होते. आईने ते चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "हे कुणाच्या आईबद्दल आहे?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांब आहे.

आज नारायण पेठेत माझं बावीस खुर्च्यांचं रेस्तराँ आहे. जेवण सात टप्प्यांत येतं आणि त्यातले चार टप्पे कोशिंबिरी, चटण्या आणि रायती यांचे असतात. ताटात ज्यांना कोणी मोजत नाही, ते पदार्थ. आधी नाव नोंदवल्याशिवाय जागा मिळत नाही. पार्किंग नाही. कोशिंबिरीसाठी एवढं कोण येणार, असं मला सांगणाऱ्या माणसांची यादीही माझ्याकडे आहे. त्यातले बरेच जण जेवून गेले आहेत.

या सगळ्याच्या आधी अकरा वर्षं मी इथल्याच एका मोठ्या हॉटेलात होते. अशा स्वयंपाकघराचे दोन भाग असतात, विस्तवाचा आणि थंड. विस्तवाकडे रस्से, भाज्या, मांस, तंदूर. थंड भागाकडे कोशिंबिरी, सॅलड, चटण्या, फळं कापणं. पहिल्या दिवशी मुख्य शेफ मला घेऊन थंड भागात आले आणि म्हणाले, "इथे पंखा आहे. तिकडे आपल्याला त्रास होईल." ते अत्यंत सभ्य गृहस्थ होते. अकरा वर्षांत त्यांनी मला एकदाही अगं-तुगं केलं नाही, आणि एकदाही विस्तवाजवळ उभं केलं नाही. बढती तिकडूनच मिळायची, हे त्यांनाही माहीत होतं. मी दर वर्षी बदलीचा अर्ज द्यायचे. ते म्हणायचे, "बघू या." पुढच्या वर्षी मी मागच्या अर्जाची प्रत जोडायचे. शेवटच्या अर्जाला दहा प्रती जोडल्या होत्या.

दुसऱ्या वर्षापासून मी एक वही ठेवली. कुठल्या भाजीला मीठ लागल्यावर किती वेळात पाणी सुटतं, याची. गाजर तासभर तग धरतं. मुळा वीस मिनिटं. कांदा कसा चिरलाय त्यावर आहे. काकडी सगळ्यांत हळवी, त्यातही पावसाळ्यातली. चोचवलेल्या, म्हणजे सुरीने टोचे मारून बारीक केलेल्या काकडीला दहाव्या मिनिटाला पाणी सुटतं आणि पंधराव्या मिनिटाला वाटीत जे असतं त्याला मी कोशिंबीर म्हणत नाही. घड्याळ लावून बसायचे. शेजारची पोरं हसायची. विस्तवाच्या भागाचे प्रमुख अकोल्याकडचे होते, कात्रजहून स्कूटरवर यायचे. ते वाकून वही बघायचे आणि म्हणायचे, "ताई, तुम्ही काकडीची नाडी काहून बघून राहिल्या? ते काय आजारी हाय का?"

"तुमच्या हातात गेली तर होईल," मी म्हणायचे.

अकराव्या वर्षी एका कंपनीच्या उद्घाटनाचं दुपारचं जेवण आलं. एकशे चाळीस पानं. आठवडाभर आधी मुख्य शेफनी मला केबिनमध्ये बोलावलं. उपशेफची जागा रिकामी होत होती, विस्तवाच्या भागाची. "हे जेवण नीट पार पडलं तर आपला अर्ज मी वर पाठवतो," ते म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा 'बघू या' शिवाय काही ऐकलं. मी बाहेर येऊन कामांची यादी केली. एकोणचाळीस कामं निघाली. पहिला पदार्थ माझाच होता: खमंग काकडी. दाण्याचं कूट, ओलं खोबरं, वरून तुपाची जिरं-मिरचीची फोडणी, शेवटी लिंबू आणि मीठ.

जेवण एक वाजता होतं. मुख्य शेफचा हुकूम होता की पावणेएकला पहिला पदार्थ वाढून, ताटल्या टेबलांवर मांडून तयार हव्यात, पाहुणे येऊन थेट बसतील. मी साडेबाराला हॉलच्या दाराला कान लावला. भाषणं नुकती सुरू झाली होती. कार्यक्रमपत्रिकेवर पाच वक्ते होते आणि पहिलाच अजून कंपनीच्या संस्थापकांच्या बालपणात होता.

मी परत आले. काकडी, कूट, खोबरं चार मोठ्या पातेल्यांत तयार होतं. मीठ-लिंबू मी बाजूला ठेवलं आणि माझ्या सहा जणांना सांगितलं, "कुणी हात लावायचा नाही."

पावणेएकला मुख्य शेफ आले. मोकळ्या ताटल्या बघितल्या. "हे काय?"

"भाषणं चालू आहेत, सर. आत्ता मीठ घातलं तर पाणी होईल. शेवटचा वक्ता उठला की मला सहा मिनिटं लागतील."

"मॅडम, मीठ घाला आणि लावा."

"नाही लावणार."

स्वयंपाकघरात मिक्सर बंद झाला. कोणी बंद केला कोण जाणे. शेफनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "काकडीलाही मुहूर्त लागतो हे मला ठाऊक नव्हतं. भटजी बोलवायचे का?"

"मुहूर्त वहीत लिहिलेला आहे. वाचायचा असेल तर देते," मी म्हणाले. हे मी मोठ्यांदा म्हणाले. सगळ्यांदेखत. ते निघून गेले.

भाषणं दोनला वीस कमी असताना संपली. आम्ही सात जणांनी मीठ-लिंबू घातलं, कालवलं, वाढलं. सहाऐवजी आठ मिनिटं लागली. ती आठ मिनिटं पाहुणे मोकळ्या टेबलांसमोर बसले होते आणि कंपनीचा फोटोग्राफर नेमका तेव्हाच फोटो काढत होता.

ताटल्या परत आल्या तेव्हा मी मोजल्या. एकशे सदतीस चाटून पुसून. तीन अर्धवट. विस्तवाच्या भागाने हुकुमाप्रमाणे सगळं वेळेवर वाढून गरम पेटीत ठेवलं होतं. अकोल्याचे प्रमुख माझ्या शेजारी उभे राहून परत आलेल्या ताटल्यांकडे बघत होते. "माह्या भरल्या वांग्याचं पार कातडं झालं, ताई," ते म्हणाले. "चप्पल शिवता येईल."

तक्रार वांग्याची आली नाही. आली ती मोकळ्या टेबलांच्या फोटोंची.

शुक्रवारी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एकावर माझा अकरावा अर्ज, शिफारस लिहिलेला. दुसऱ्यावर छापील माफीनामा: वरिष्ठांचा आदेश मी मुद्दाम मोडला, त्यामुळे कार्यक्रम बिघडला, पुन्हा असं होणार नाही. खाली सहीची जागा.

"आपण यावर सही करा," शेफ म्हणाले, "मी त्यावर करतो. सोमवारपासून आपण विस्तवाकडे. अहो, एक कागद आहे. फाइलला लागेल आणि विसरला जाईल."

मी सोमवारपर्यंत मुदत मागितली.

घरी आल्यावर माफीनामा आईला दाखवला. मला वाटलं होतं ती म्हणेल, कर सही, नोकरीत हे चालतं. सदतीस वर्षं तिने तेच केलं होतं. तिने कागद उजेडात धरला, दोनदा वाचला.

"यात चूक कुठे लिहिली आहे?" ती म्हणाली.

"आदेश मोडला ना."

"तो दिलगिरीचा विषय झाला. चूक म्हणजे तू काय करायला हवं होतंस आणि केलं नाहीस. ते लिहावं लागतं. नाहीतर उद्या कुणी फाइल उघडली तर त्याला काय कळणार? बस आणि लिही."

मी बसले. एका कोऱ्या कागदाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला जे केलं, दुसऱ्या बाजूला जे करायला हवं होतं. मला स्वतःला सोडायचं नव्हतं, म्हणून सगळं लिहिलं. भाषणं लांबणार हे आदल्या दिवशीची कार्यक्रमपत्रिका बघून ओळखून लगेच शेफच्या कानावर घालायला हवं होतं. सगळ्यांदेखत त्यांना वहीवरून टोमणा मारायला नको होता. सहा मिनिटं म्हणाले आणि आठ लागली. एवढ्या तीन चुका माझ्या होत्या आणि त्या मला मान्य होत्या.

मग मीठ न घालण्याची ओळ आली. शेजारचा रकाना मी रविवारी संध्याकाळपर्यंत मोकळा ठेवला. पावणेएकला काय करायला हवं होतं? जे केलं तेच. छापील कागदात माझ्या तीन खऱ्या चुकांपैकी एकही नव्हती, आणि जी होती ती चूक नव्हती.

"विस्तवाकडे जायचंय ना तुला?" आई म्हणाली.

"अकरा वर्षं."

"मग नीट विचार कर. माझ्याकडे बघू नकोस. मी रिटायर आहे."

सोमवारी मी तीन चुकांचं माझं पत्र सहीनिशी शेफसमोर ठेवलं. छापील कागद सही न करता परत केला. त्यांनी माझं पत्र वाचलं, घडी घातली.

"हे फाइलला चालणार नाही."

"मग तेही चालणार नाही, सर. टोमण्याबद्दल मी आत्ता इथे, हवं तर सगळ्यांना बोलावून, माफी मागते. मिठाबद्दल मागणार नाही. पुन्हा तसंच जेवण आलं तर पुन्हा तेच करीन."

"आपल्याला विस्तवाकडे जायचं होतं."

"या वाटेने नाही."

त्यांनी माझा अकरावा अर्ज उचलून खणात ठेवला. मी तिथेच राजीनामा लिहिला, दोन ओळींचा. त्यांनी एक महिन्याच्या नोटिशीची अट लावली नाही. मी लवकर जावं हेच त्यांना हवं होतं.

माझ्या भागात येऊन सामान आवरलं. अकोल्याचे प्रमुख हात पुसत आले. "बाप्पा! खरंच चालल्या? एक सही तं होती, ताई."

"म्हणूनच."

त्यांनी हात पुसलेलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "काही सुरू केलं तं सांगजा. मी वांगे घेऊन येतो. या वेळी कातडं नाही करत." ते खरोखरच आले, दीड वर्षाने. आज माझ्याकडचा विस्तव ते सांभाळतात आणि माझ्याशी रोज भांडतात.

पण त्या सोमवारी मी एकटीच मागच्या दाराशी गेले. तिथे सगळ्यांची झडती होते. सुऱ्यांची गुंडाळी उघडून सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, पास?"

सुऱ्या माझ्या होत्या, पण धारेची वस्तू बाहेर न्यायची तर विभागप्रमुखाच्या सहीचा पास लागतो. नियम बरोबर होता. मी परत वर गेले.

मला दारात बघून शेफ हसले. छापील माफीनामा अजून टेबलावरच होता. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला, वर पेन ठेवलं. "मला वाटलंच होतं."

"त्यासाठी नाही आले. सुऱ्यांचा पास हवा आहे."

त्यांनी पेन परत घेतलं. पासांचं बुक काढलं, पास भरला, सही केली, फाडून माझ्यापुढे टाकला. मी उभ्या उभ्या वाचला. तारीख बरोबर, नाव बरोबर. सुऱ्या सात लिहिल्या होत्या.

"आठ आहेत, सर," मी म्हणाले. "दुरुस्त करा. आणि खाडाखोड केलीत तिथे पुन्हा सही लागेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सातचे आठ केले आणि शेजारी पुन्हा सही केली.