मुऱ्हाळी अपडेट होतोय

चहा संपेपर्यंत हसायचं नाही, या अटीवर सांगतो. अट तुम्ही पाळणार नाही, हे मला माहीत आहे. अख्ख्या गावात कोणी पाळली नाही, तर तुम्ही कशाला पाळाल?

मला फोनचं वेड आहे. फोन घेण्याचं नाही हो, तेवढी ऐपत कुठली! येणाऱ्या फोनचं वेड. जो फोन बाजारात यायला अजून सहा महिने आहेत, त्याला कॅमेरे किती, बॅटरी केवढी, पाठ काचेची की प्लास्टिकची, सगळं मला तोंडपाठ. शहाद्याच्या एका शाळेत मी मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे आमच्या ब्राह्मणपुरीत माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. कोणी नवीन फोन घ्यायला निघाला की आधी माझ्याकडे येतो आणि मी न चुकता सांगतो, "थांब! पुढच्या महिन्यात याच्यापेक्षा भारी येतोय."

शेजारचा भटू दोन वर्षं थांबलाय. बिचारा फुटक्या काचेवर बोट कापून घेतो, पण माझ्यावरचा विश्वास ढळू देत नाही.

तर त्या वर्षीची आखाजी. तुम्ही अक्षय तृतीया म्हणून सोनाराच्या दुकानात जाता, तीच. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे सासरी गेलेल्या पोरींचा सण. झाडाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची, चार दिवस कोणाची सून नसायचं. पण पोरीने आपलं आपण उठून माहेरी यायचं नाही. भावाने मुऱ्हाळी होऊन जायचं, सासूसमोर बसून चहा प्यायचा आणि बहिणीला मानाने घेऊन यायचं. भाऊ आला नाही, तर बहीण ओट्यावर बसून दुसऱ्यांचे भाऊ मोजते.

माझी ताई नवापूरला दिली आहे. जिजाजींचा पोल्ट्रीचा धंदा. कोंबड्यांना सणवार कळत नाहीत, त्यामुळे गेल्या तीन आखाज्या ताई शेडमध्येच. त्या वर्षी मात्र नशीब उघडलं. जुनी बॅच गेली आणि नवी पिल्लं यायला पाच दिवस. नेमकी त्या पाचांत आखाजी! ताईची सासू म्हणाली, भाऊ येईल तर जा. ताईने मला आठ दिवसांत वीस फोन केले.

"रवी, येशी ना रे?"

"येतो गं ताई. आदल्या दिवशी सकाळी आठला निघतो."

"मांगला खेपले लगनमा दोन घंटा उशिरा उना व्हता तू."

"या वेळी एक मिनिट उशीर नाही. शब्द!"

आणि बघा योग कसा असतो. आदल्या दिवशी सकाळी सात वाजता, मी अंघोळ करून, भांग पाडून तयार, तेवढ्यात फोन थरथरला. ज्या नव्या सिस्टिमच्या बातम्या मी चार महिने वाचत होतो, तिची चाचणीची आवृत्ती, बीटा म्हणतात ती, माझ्या मॉडेलसाठी आली होती! अजून कोणाला नाही! नंदुरबार जिल्ह्यात पहिला मीच असणार, असं मला तेव्हा खात्रीने वाटलं. कोण मोजणार होतं, देव जाणे.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? फोन खिशात घातला असता आणि बहिणीला आणायला गेला असता. मी हिशोब केला. डाउनलोडला एक तास, बसवायला एक तास. नऊला निघू, जरा गाडी पळवू. पण ताईला आठचा शब्द दिलेला! मग माझ्या डोक्यात जी आयडिया आली ना, तिची लाज मला आजही वाटते.

मी ताईसाठी तीन मेसेज आधीच लिहून वेळ लावून ठेवले. त्या त्या वेळी आपोआप जाणारे. आठ वाजता, "ताई, निघालो." पावणेनऊला, "प्रकाशाचा पूल ओलांडला." आणि साडेदहाला, "विसरवाडी सोडली. चहा ठेव." प्रकाशा म्हणजे वाटेवरचं तापीकाठचं गाव, आणि विसरवाडी नवापूरच्या जरा अलीकडे.

काय सुंदर काम झालं म्हणून मी स्वतःवरच खूश. बायकोला दाखवलं असतं, पण तिचा भाऊ दोन दिवस आधीच येऊन तिला घेऊन गेला होता. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे.

आठ वाजले, पहिला मेसेज गेला. मी खाटेवर. पावणेनऊ झाले, दुसरा गेला. मी अजून खाटेवर, म्हणजे कागदोपत्री तापी ओलांडून पलीकडे. मग फोन बंद होऊन सुरू व्हायला लागला. वर्तुळ फिरायला लागलं. खाली अक्षरं आली, "कृपया फोन बंद करू नका." फिरतंय, फिरतंय, फिरतंय... सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. वर्तुळ काही थांबेना.

आई आतून ओरडली, "रवी, निंघना नही का आजून? तुन्ही बहीण वाट दखी ऱ्हायनी!"

मी गडबडीने उठलो. आईने माझ्या हातात पिशवी दिली. त्यात ताईसाठी नवी साडी आणि सासरच्या लोकांसाठी डब्यात खापरावरचे मांडे, पुरणाचे, पहाटे उठून केलेले. आमचे वडील, आप्पा, अंगणात उभे होते. त्यांनी मला फटफटीवर बसताना आणि वेशीतून बाहेर पडताना बघितलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आमच्या आप्पांनी मला स्वतःच्या डोळ्यांनी जाताना बघितलं.

मी गेलो शहाद्याला. मोबाईलवाल्या पारसभाईकडे.

दहा मिनिटांचं काम, वाटेवरच तर आहे, असं मनाला सांगितलं. पारसभाईचे आजोबा राजस्थानातून आले, पण हा अस्सल शहाद्याचा. फोन हातात घेऊन त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जसं डॉक्टरने नातेवाइकांना बाहेर बोलवावं.

"सर, ये ट्रायलवाला कशाला टाकला? तुम्ही तर लोकांना शिकवता!"

"होईल ना पण?"

"होईल. पण घाई करू नका. बंद केला तर सगळा डेटा गेला समजा."

डेटा म्हणजे पोराचे जन्मापासूनचे फोटो. मी बसलो.

तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, पारसभाईचा फोन घेऊन बहिणीला कळवायचं ना! कळवलं असतं हो. नंबर कोणाला पाठ होता? ताईचा नाही, आप्पांचा नाही, बायकोचाही नाही. अजून न आलेल्या फोनांच्या चिपचे नंबर विचारा, झोपेत सांगेन. सख्ख्या बहिणीचा नंबर मला येत नव्हता. आणि खरं सांगू? आतून बरंही वाटलं. फोन लावला असता तर सांगावं लागलं असतं, की प्रकाशाच्या पलीकडे गेलेला तुझा भाऊ शहाद्यात स्टुलावर बसलाय.

साडेदहा झाले. बारा झाले. वर्तुळ गेलं आणि टक्के आले. एकोणीस टक्के. मी आणि पारसभाई त्या टक्क्यांकडे बघत बसलो. एक वाजता मला भूक लागली.

आता तिकडे काय चाललं होतं ते ऐका. हे मला नंतर कळलं, तुकड्या-तुकड्याने, आणि प्रत्येक तुकडा ऐकताना जमीन फाटावी असं वाटत होतं.

ताई आठपासून बॅग भरून ओट्यावर. दोन मेसेज आले तेव्हा सासूला वाचून दाखवले. "दखा, मन्हा भाऊ पूल ओलांडी उना!" मग साडेदहा, अकरा. बारा वाजता तिने मला फोन लावला. बंद. पुन्हा बंद. तिने आप्पांना लावला.

"आप्पा, रवी निंघना ना?"

"निंघना म्हणजे? कव्हयच निंघी ग्या! मी सोता दखं."

झालं! पावणेनऊला पूल ओलांडला, त्यानंतर माणसाचा पत्ता नाही, फोन बंद. आप्पांनी मला साडेनऊनंतर जाताना बघितलं होतं, पण घाबरलेला माणूस घड्याळ कुठे बघतो? आई रडायला लागली. भटूने टेम्पो काढला आणि आप्पांना घेऊन प्रकाशाला गेला. तिकडून जिजाजींनी कोंबड्या वाहायची पिकअप काढली. ताई बॅग तशीच ओट्यावर टाकून, अंगावरच्या साडीनिशी पुढे बसली. नवापूरपासून प्रकाशापर्यंत ती दोघं रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे खड्डे बघत आली. ताईने डावी बाजू बघायची, जिजाजींनी उजवी.

आणि आप्पा पुलावर उभे होते. डोक्यावर उपरणं, कठड्याला दोन्ही हात, खाली तापीच्या पाण्याकडे बघत. भटूने दोन मासेमारांना होडी घेऊन खांबांजवळ पाठवलं होतं. हे सांगताना भटू हसत होता, पण आप्पांचे हात कठड्यावरून सुटत नव्हते, असं म्हणाला.  

तेवढ्यात गावातला पपईचा ट्रक तिथून चालला होता. ड्रायव्हरने विचारलं, काय झालं? भटूने सांगितलं. तो म्हणाला, "रवी सर? त्या तं सकायपासून शहादामा मोबाईलना दुकानमा बठेल शेतस!"

आता दुकानात या. दुपारचे तीन. टक्के एक्क्याण्णव. माझ्या मांडीवर आईचा डबा उघडा. पहिला मांडा नुसता चाखायला घेतला होता, शपथेवर सांगतो. मग पारसभाईला दिला, मग त्याला एकट्याला खायला संकोच वाटेल म्हणून मी घेतला. असं करत करत आम्ही तळाला आलो होतो.

भटूच्या टेम्पोपाठोपाठ, पुलावरून आप्पांना घेऊन, जिजाजींची पिकअप दुकानासमोर करकचून थांबली. मागे रिकामे पिंजरे, आणि पुढून उतरली ताई. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, साडीला दोन पांढरी पिसं चिकटलेली.

ती आली ती थेट माझ्या खांद्याला, डोक्याला, गुडघ्याला हात लावून बघायला लागली. कुठे मोडलंय का, रक्त आहे का.

"जित्ता शे ना रे? लागनं नही ना कोठे?"

माझ्या तोंडात मांडा. बोलता येईना, गिळता येईना. मी मान हलवली.

तिने माझ्याकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. वाढणाऱ्या टक्क्यांकडे बघितलं. मग दुकानाच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "या मांडा मन्हाकरता व्हतात ना?"

पारसभाई हळूच हात पुसून काउंटरच्या मागे खाली बसला.

"ताई, मी तुला घ्यायलाच निघालो होतो," मी म्हणालो. असं वाक्य आयुष्यात पुन्हा तोंडून निघू नये.

जिजाजी तसे मोठे सोशिक. त्यांनी माझी फटफटी भटूच्या टेम्पोत चढवायला लावली, फोन माझ्या खिशात कोंबला आणि पिकअपच्या मागे बोट दाखवलं. "बठ मांगे."

पुढे जागा नव्हती. आप्पा, ताई आणि जिजाजी. मी मागे, पिंजऱ्यांच्या मधे. भर बाजारातून गाडी निघाली. माझे तीन विद्यार्थी भेटले. तिघांनीही नमस्कार केला, हे त्यांचे संस्कार.

ब्राह्मणपुरीच्या वेशीवर कडुलिंबाला झोके बांधले होते. माहेरी आलेल्या सगळ्या पोरी तिथे. एकीचा भाऊ मोटरसायकलवर घेऊन आलेला, दुसरीचा गाडी करून. आणि आमच्या घरचा मुऱ्हाळी कोंबड्यांच्या जाळीतून बाहेर बघतोय! एक झोका हवेत थांबलेला मी पहिल्यांदा बघितला.

दारात आई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. माहेरी आणलेल्या लेकीवरून तुकडा ओवाळून टाकायचा आणि मग तिने उंबरा ओलांडायचा, ही आमची रीत. आईने ताईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि तुकडा माझ्यावरून ओवाळला. पायांवर पाणीही माझ्याच घातलं. काय चुकलं तिचं? घेऊन आली होती ताई, आणला गेलो होतो मी.

आप्पा आत आले. खाटेवर बसले आणि उपरण्याने नुसते हात पुसत राहिले. मी त्यांच्या पायाशी बसलो. "चुकलं आप्पा," म्हणालो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काढला नाही. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. बॅग नवापूरला राहिल्यामुळे ताईने आईची जुनी साडी नेसली, कारण माझ्या पिशवीतल्या नव्या साडीवर तुपाचा हा एवढा डाग.

आणि तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला. सुरू झाला होता! नवी सिस्टिम, नवा रंग, नवी अक्षरं. जिल्ह्यात पहिला. मी तो बाहेर काढायची हिंमत केली नाही.

पण त्याने राहिलेलं काम पूर्ण केलं. समोर बसलेल्या ताईचा फोन टिंग वाजला. तिने उघडून वाचलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आत हाक मारली,

"माय, चहा ठेव वं! मन्हा भाऊनी विसरवाडी सोडी दिन्ही!"