उपवासाची सिगरेट

विष कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवू नये, हे आधीच सांगून ठेवतो. सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी. पण भोसरीतल्या एका प्लेटिंग शॉपमध्ये, धातूवर मुलामा चढवतात तिथे, सायनाइडच्या टाक्यांशेजारी एकतीस वर्षं उभा राहिलो आणि स्वतःच्या पायांनी निवृत्त झालो. आमच्या तिथे दोन नियम होते. हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि डब्याची पिशवी कामाच्या कपड्यांशेजारी टांगायची नाही. एकदा पाच लेकरांचा बाप असलेल्या एका गड्यानं तशाच हातानं भाकरी मोडली. मी त्याचा डबा उचलला आणि गटारात ओतला. तो मला आईवरून बोलला. बोलू दे. बोलायला जिवंत राहिला.

हे सांगायचं कारण, माझ्या मुलानं एका रविवारी मला सोफ्यावर बसवलं आणि टीव्हीच्या पडद्यावर फुफ्फुसाचं चित्र लावून सिगरेट वाईट कशी, हे अर्धा तास समजावलं. मुलगा इंजिनिअर आहे. जर्मनीत, नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर त्याच्याकडे गेलो होतो, कारण नात झाली होती आणि मी तिला फक्त फोनवर पाहिलं होतं. फोनवर नात म्हणजे एक नाक आणि आईचा अंगठा.

मी दिवसाला आठ सिगरेटी ओढायचो. सात नाही, नऊ नाही. बाल्कनीत जाऊन. बाहेर उणे तीन. आठ वेळा जाकीट, आठ वेळा कानटोपी, आठ वेळा बूट, कारण त्या बाल्कनीत चप्पल घालून उभं राहिलं तर पाय तिथेच चिकटून राहायचे. सिगरेटपेक्षा कपड्यांतच जास्त वेळ जायचा. मी म्हणतो, एवढे कष्ट करून माणूस ओढतोय, तर त्याला थोडा मान द्या.

सूनबाईंनी मान दिला नाही. चांगली मुलगी आहे, पण बोलायला लागली की सुपारी फोडल्यासारखी. चित्रं दाखवून झाली, मुलगा घशाला कोरड पडून पाणी प्यायला उठला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी स्पष्टच सांगते. दोन महिन्यांनी हिचं उष्टावण आहे. माझे बाबाही येताहेत पुण्याहून. तोवर तुमची सिगरेट सुटली असेल तर पहिला घास तुमच्या हातचा. नसेल तर माझ्या बाबांच्या."

"आमच्यात आजी-आजोबा भरवतात," मी म्हटलं.

"तेही आजोबाच आहेत ना?"

घ्या.

उष्टावणाला आमच्याकडे सोन्याची अंगठी खिरीत बुडवून बाळाच्या जिभेला लावतात. आईच्या दुधानंतरची तिची पहिली चव. माझ्या बायकोची अंगठी मी बनियनच्या आतल्या खिशात शिवून भारतातून आणली होती. त्याच अंगठीनं तिनं आमच्या मुलाला खीर चाटवली होती. ती असती तर हे काम तिचंच होतं. ती चार वर्षांमागे गेली. मग ते माझं. व्याह्यांचं कसं होईल?

व्याह्यांविषयी थोडं सांगतो. बँकेतून निवृत्त. पहाटे पाचला फिरायला जातात आणि दिवसभर सगळ्यांना ते सांगतात. चहा गुळाचा. मीठ काळं. माणूस म्हणजे नाकानं कांदे सोलणारा. लग्नात माझ्या शेजारी बसून मला म्हणाले होते, "अहो, एक दिवस ठरवायचं आणि सोडायची. माझ्याकडे बघा, सुपारीचं खांडसुद्धा नाही." असं म्हणून त्यांनी तोंड फिरवून रुमालानं नाक पुसलं. दर दहा मिनिटांनी पुसायचे. मला वाटलं, मांडवातल्या पंख्याची सर्दी.

त्या माणसाच्या हातून माझ्या नातीचा पहिला घास. मी म्हटलं, शेंडी तुटो वा पारंबी, सिगरेट सुटली.

मुलाला आनंद झाला. पण नुसती सोडू दिली नाही. "बाबा, एकदम नाही जमत. शास्त्रीय पद्धतीनं जाऊ." शास्त्र म्हणजे स्टेशनजवळचं एक दुकान निघालं. आत एक दाढीवाला, मानेवर सापाचं चित्र गोंदलेला, तोंडातून देवळातल्या धुपासारखा धूर सोडत होता. हा मला व्यसन सोडवणार. त्यानं समोर एक पेनासारखी वस्तू ठेवली, तिला व्हेप म्हणतात, आणि बाटल्यांची रांग मांडली. स्ट्रॉबेरी, कलिंगड, पुदिना, व्हॅनिला. मी म्हटलं, मला फुफ्फुस बरं करायचंय, आइस्क्रीम नको. शेवटी आंबा घेतला. नावाला आंबा. आंबा माझ्या ओळखीचा आहे. हा म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत कुणीतरी आंब्याचा फोटो बुडवून ठेवलेला.

बाटलीवर जर्मनमध्ये बरंच काही लिहिलं होतं. ते मला वाचता येत नाही. पण कोपऱ्यात कवटी होती, खाली दोन हाडं. ती मला वाचता येते. आमच्या पिंपांवर तीच होती.

"हे काय रे?" मी मुलाला विचारलं.

"निकोटिन आहे ना त्यात. पोटात गेलं तर वाईट. बाळापासून लांब ठेवायचं, एवढंच. ओढायला सेफ आहे. म्हणजे सेफर आहे."

"सेफ की सेफर?"

त्यानं दाढीवाल्याला विचारलं. दाढीवाला म्हणाला, "जा, गेनाऊ." म्हणजे हो, बरोबर. इकडे कुणाला काहीही विचारलं तरी हेच उत्तर येतं.

मुलानं फोनमध्ये तक्ता केला. आधी अठराचं पाणी, म्हणजे अठरा मिलिग्रॅम निकोटिनवालं, मग बाराचं, मग सहाचं, मग तीनचं, मग शून्याचं. शून्याचं पाणी म्हणजे नुसता आंब्याचा फोटो. दोन महिन्यांत शून्य. कारखान्यात मोटार अशीच बनवत असतील.

आता खरं सांगतो. आमच्याकडे म्हण आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. उपवास म्हणून माणूस भाकरी सोडतो आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचे लाडू, वरीचा भात, राजगिऱ्याची पुरी असं पोट फुटेस्तोवर हाणतो. संध्याकाळी ढेकर देऊन म्हणतो, आज काही खाल्लं नाही. ती वस्तू म्हणजे सिगरेटची साबुदाण्याची खिचडी. तूप घालून.

सिगरेटला शेवट असतो. थोटूक उरतं, बोटाला चटका बसतो, माणूस म्हणतो, झालं बुवा. या वस्तूला शेवटच नाही. सकाळी डोळा उघडला की एक झुरका. दात घासायच्या आधी, दात घासल्यावर. संडासात. वर्तमानपत्राच्या प्रत्येक पानाला एक. सूनबाईंनी बाळाच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात मनाई केली होती, म्हणून मी माझ्या खोलीत पांघरूण डोक्यावर घेऊन ओढायचो. पांघरुणाला आंब्याच्या पेटीचा वास यायला लागला. बाल्कनीत जायचं कारण संपलं. बूट नको, कानटोपी नको. म्हणजे थंडी मला जेवढं आवरत होती तेवढंही आवरणं गेलं. रात्री फोन चार्जिंगला लावतात तशी मी ती उशाशी लावायचो. माझ्या उशाशी आधी पाण्याचा तांब्या असायचा.

तक्त्याचं काय झालं? बाराच्या पाण्यावर आलो, तेव्हा मला चौथ्या दिवशी मुलाचा सगळा कारखाना नालायक वाटायला लागला. मग मी एकटा स्टेशनजवळ गेलो, अठराच्या बाटलीकडे बोट दाखवलं, तीन बोटं वर केली आणि तीन घेऊन आलो. मुलगा संध्याकाळी विचारायचा, "बाबा, सहावर आलात ना?" मी म्हणायचो, "जा, गेनाऊ." भाषा शिकायला वेळ लागत नाही. गरज पाहिजे.

पण सिगरेट एकही ओढली नाही. एकही नाही! शब्द सिगरेटचा होता. मी व्याह्यांची वाटच बघत होतो.

ते आले. विमानातून उतरल्या उतरल्या म्हणाले, "काय, सुटली?"

"दोन महिने हात लावला नाही."

"वा!" म्हणाले, पण तोंड गुळाच्या चहासारखं झालं. मग त्यांनी नाक पुसलं. इथल्या थंडीत आम्हा सगळ्यांचीच नाकं वाहत होती, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

उष्टावणाच्या दिवशी सूनबाईंनी पाट मांडला, रांगोळीच्या ऐवजी तांदळानं दोन रेघा काढल्या, कारण फरशी घरमालकाची. मी नवा झब्बा घातला. झब्ब्याला खिसा एकच. अंगठी त्यात ठेवली. ती वस्तूही त्यातच ठेवली, कारण अर्ध्या तासाचा कार्यक्रम आणि अर्धा तास मला कोण देणार होतं? सकाळीच तिच्यात नवं पाणी भरलं होतं. घाईत.

नात माझ्या मांडीवर बसली. गुटगुटीत. तिनं माझ्या मिशीचा एक केस धरला आणि सोडेना. मुलानं फोन धरला होता. व्याही समोर खुर्चीत, हाताची घडी घालून. चांदीच्या वाटीत तांदळाची खीर होती, वेलची आणि केशर घातलेली. मी खिशातून अंगठी काढली, खिरीत बुडवली आणि तिच्या तोंडाकडे नेली. तिनं आ केला. दात नाहीत, नुसत्या लाल हिरड्या.

आणि मला आंब्याचा वास आला.

खिरीत आंबा नव्हता. मी अंगठीकडे पाहिलं. खिरीच्या थराखाली बोटांना काहीतरी गुळगुळीत, तेलकट लागत होतं. दुसऱ्या हातानं खिसा चाचपला. ओला. ती वस्तू गळली होती आणि माझ्या बायकोची अंगठी सकाळपासून त्या कवटीच्या पाण्यात भिजत होती.

नात मान पुढे करत होती. हात मागे घेतला मी. तिनं भोकाड पसरलं.

"बाबा, काय झालं? लावा ना," सूनबाई म्हणाल्या.

एक गोष्ट करता आली असती. अंगठी पडल्याचं नाटक करायचं, धुवायला म्हणून न्यायची, परत यायचं, घास माझाच. कुणाला कळलं नसतं. तेवढी अक्कल सातवीतसुद्धा येते. पण माझा सगळा खिसा ओला, झब्बा ओला, बाळ त्या झब्ब्याला टेकलेलं. आणि मी कधीतरी एका बापाचा डबा गटारात ओतला होता.

"आधी तिला माझ्यापासून घे," मी मुलाला म्हणालो. "कपडे बदल, अंग पूस. सूनबाई, ती वाटी ओतून द्या. नुसती ओतू नका, धुवा. हे पाणी गळलंय माझ्या खिशात. अठराचं आहे."

"अठराचं?" मुलगा म्हणाला. "तुम्ही तर शून्यावर..."

"अठराचं."

मुलानं फोन ठेवून नातीला उचललं. ती रडतच होती. मी उठलो. गुडघे कडकडले. "व्याहीबुवा," मी म्हटलं, "पहिला घास तुम्ही भरवा. माझा हात स्वच्छ नाही."

हे वाक्य बोलताना माझ्या जिभेला काय झालं ते मी लिहीत नाही.

आता ते हसतील, फिरायला जायचे फायदे सांगतील, म्हणून मी खाली मान घालून उभा राहिलो. ते हसले नाहीत. खुर्चीतून उठले, आपल्या उजव्या हाताच्या चिमटीकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "थांबा हं. मीही हात धुऊन येतो." न्हाणीघरात बराच वेळ पाणी वाहत राहिलं. बाहेर येताना रुमाल खिशात खोचत होते. रुमालाला तपकिरी डाग होते.

तपकीर! सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा माणूस, आयुष्यभर नाकात तपकीर कोंबत होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नवी खीर, सूनबाईंच्या बोटातली अंगठी, घास व्याह्यांचा. नातीनं मिटक्या मारल्या. फोटोत मी नाही, मी तेव्हा कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होतो. शॉपमध्ये धुवायचो तसे, दोनदा.

दुसऱ्या दिवशी ती वस्तू फेकायला निघालो तर मुलगा आडवा आला. "बाबा, कचऱ्यात नाही टाकायची. बॅटरी आहे आत. दुकानातल्या वेगळ्या पेटीत द्यावी लागते." सिगरेट बुटाखाली चिरडता येते. हिच्या अंत्यविधीलाही पत्ता शोधावा लागतो. गेलो, पेटीत टाकली. बाटल्या जिथे द्यायच्या तिथे दिल्या. मग खरी एकादशी सुरू झाली, निर्जळी. माझे उरलेले अठरा दिवस या घरानं कसे काढले ते सूनबाईंना विचारा. मी एकदा रिमोटशी भांडलो.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सूनबाई आल्या आणि माझ्यासमोर गुरगुट्या भाताची वाटी ठेवली. नातीला माझ्या शेजारी बसवलं आणि दारातच उभ्या राहिल्या.

मी उठलो, हात धुतले. परत येऊन त्यांच्यासमोर धरले. "वास घ्या," मी म्हटलं.

"काहीतरीच काय बाबा."

"घ्या म्हणतो ना."

त्यांनी वाकून वास घेतला. "साबणाचा आहे," म्हणाल्या.

मग मी बोटानं भात मऊ केला आणि एवढासा घास नातीच्या तोंडात ठेवला. तिनं तो तोंडात घोळवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि सगळा माझ्या धुतलेल्या शर्टावर थुंकला. दुसरा दिला, तोही थुंकला. तिसऱ्याला तोंडच उघडेना.

हट्टी आहे. कुणावर गेली ते व्याह्यांना विचारायची गरज नाही.