पुढचं उजवं चाक

आसावरी दिघे लिफ्टखाली उभी असली की नवं गिऱ्हाईक आधी तिच्या खांद्यावरून मागे बघायचं. मागे कुणीतरी पुरुष असेल, खरा मेकॅनिक, हातात पाना घेतलेला. मागे नुसती भिंत असायची, आणि तिच्यावर टायर कंपनीचं कॅलेंडर.

"बोला," आसावरी म्हणायची. "मीच."

साताऱ्यात तिच्या वडिलांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे ग्रीसचा वास तिला माहेरचा. लग्न करून अनिलबरोबर न्यू जर्सीला आली, आणि २००१ साली, ग्रीन कार्ड जेमतेम हातात पडलेलं असताना, अनिलची नोकरी गेली. तो सोफ्यावर बसून रेझ्युमे पाठवत राहिला. ही काउंटी कॉलेजात गाड्या दुरुस्तीच्या वर्गात जाऊन बसली, सव्वीस पुरुषांत एकटी. अनिलला पुढे दुसरी नोकरी मिळाली, तेव्हा तो म्हणाला, "आता सोडायला हरकत नाही."

"सोडून काय करू? तुझे मोजे जुळवत बसू?"

आयसेलिनमध्ये, ओक ट्री रोडच्या मागच्या गल्लीत, देवांगच्या गॅरेजात ती लागली. देवांग इथेच जन्मलेला गुजराती. बोलायचा इंग्रजी, पण रागावला किंवा गोड बोलायचं असलं की वाक्याला 'यार' चिकटवायचा. त्याला लवकरच कळलं की ही बाई म्हणजे दुकानाची पाटी आहे. पुण्या-मुंबई-नागपूरकडची जी पोरं इथे कॉम्प्युटरवर बसायची, त्यांचे आईवडील यायचे, पोरांच्या जुन्या गाड्या चालवायला शिकायचे, आणि पहिल्या बर्फात पांढरेफटक चेहरे घेऊन आसावरीसमोर उभे राहायचे. ब्रेक दाबला तर पायाखाली काहीतरी थडथडतंय. गाडी मोडली.

"गाडी मोडली नाही, काकू. शहाणी आहे ती." मग आसावरी दोन्ही हात स्टिअरिंगवर असल्यासारखे धरायची. "बर्फावर चाक अडकलं की गाडी घसरते. म्हणून ही स्वतःच ब्रेक सोडते, धरते, सोडते, धरते. सेकंदाला दहादा. तेच पायाला लागतं. घाबरायचं नाही, पाय काढायचा नाही. दाबून धरायचं."

हे तिने इतक्यांना सांगितलं होतं, की महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला तिळगूळ वाटून झाल्यावर तिला माइकसमोर उभं केलं गेलं. नंतर पटेलांच्या दुकानात भेंडी निवडतानासुद्धा कुणीतरी हाक मारायचं, "काय आसावरी, दाबून धरायचं ना?"

"दाबून धरायचं," ती म्हणायची, आणि तिला बरं वाटायचं.

फेब्रुवारी २००७ मध्ये जगन्नाथकाका भोयर आले. नागपूरचे. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं साहेबांची जीप चालवलेले. मुलगा सिद्धेश इथे सॉफ्टवेअरमध्ये. त्याची नऊ वर्षं जुनी राखाडी गाडी आता काकांकडे होती. मागच्या सीटवर सुलभाकाकू, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी.

"पोरी, ब्रेक दाबला का पायाखाली जातं फिरते," काका म्हणाले.

"बर्फावर होतं ना?"

"बर्फावर होते, ते ठीक. काल कोरड्यावर झालं. घराशी आलो, हळूहळू, अन् गाडी घरघरली अन् चार फूट पुढंच गेली."

"काका, या दिवसांत कोरडं दिसतं ते कोरडं नसतं. पारदर्शक बर्फ असतो, डोळ्यांना दिसत नाही."

"मले दिसत नाही?"

"कुणालाच दिसत नाही."

तिने स्कॅनर लावला. डॅशबोर्डवर ब्रेकचा पिवळा दिवा नव्हता, स्कॅनरवर एकही कोड नव्हता. गाडीच्या कॉम्प्युटरला काही तक्रार नव्हती. चालवून पाहिली असती, पण बाहेर तीन गाड्या थांबल्या होत्या. शिवाय तिला कारण सापडलं होतं, असं तिला वाटलं.

"काका, तुम्ही ब्रेक कसा मारता, दाखवा बरं."

काकांनी दाखवला. दाब, सोड. दाब, सोड. पंपाने हवा भरावी तसा.

"हेच. ही जीपची सवय सोडा."

"अगं, याच्यानं तर मेलेला ब्रेक लागते. चिखलदऱ्याचा घाट उतरलो मी असा, साहेब मागं झोपला होता."

"तो घाट होता, ही आयसेलिनची गल्ली आहे. इथे पाय उचलायचा नाही. कितीही घरघरू दे. दाबून धरायचं."

ती शेजारी बसली आणि उभ्या गाडीत त्यांच्याकडून दहा वेळा करून घेतलं. सातव्यांदा काकांचा पाय सवयीने उचलला गेला, तर तिने त्यांच्या गुडघ्यावर चक्क चापट मारली.

"छत्तीस वर्षांत साहेबानं शिकवलं नाही, तू शिकवून राहिली," काका हसले.

"शिका जरा," मागून सुलभाकाकू म्हणाल्या. "घरात तर कोणाचं ऐकत नाही. बाहेर तरी ऐका."

आसावरीने कागदावर लिहिलं: दोष आढळला नाही.

*

एप्रिलच्या मध्यावर सिद्धेश ती गाडी घेऊन गॅरेजात आला. समोरचा बंपर उजव्या बाजूने किंचित आत गेला होता. बाकी काही नाही.

काय घडलं होतं ते आसावरीला माहीत होतं. मंडळातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. मार्चअखेरची कोरडी ठणठणीत दुपार. काका-काकू भाजी घेऊन परतले. घराच्या गॅरेजच्या दाराशी कचऱ्याचा डबा आडवा होता, तो सरकवायला काकू आधी उतरल्या. उतरत्या ड्राइव्हवेवरून काका हळूच गाडी खाली आणत होते. रोज थांबायची तिथे गाडी थांबली नाही. काकू दार आणि गाडीने ढकललेला डबा यांच्या मधे सापडल्या. आत रक्तस्राव झाला. नऊ दिवसांनी हॉस्पिटलातच गेल्या.

आसावरी क्रियाकर्माला गेली होती. काका एका कोपऱ्यात बसले होते, उजवा पाय डाव्या मांडीखाली दुमडून. कुणाकडे बघत नव्हते.

"विकायचीय," सिद्धेश म्हणाला. "शुक्रवारी माणूस येतोय. फक्त बंपर बघ. बाबांना रविवारी नागपूरला पाठवतोय, धाकट्या काकांकडे."

"काय म्हणतात ते?"

"काही नाही. पोलिसांना स्वतःच म्हणाले, माझा पाय चुकला असेल, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला असेल. त्यानंतर बोलणंच बंद." सिद्धेशने किल्ली टेबलावर ठेवली. "वय झालं यार. मीच चावी द्यायला नको होती. आईसुद्धा शुद्धीवर असताना सांगत होती, गाडी जात्यासारखी घरघरली आणि आली. म्हणजे रेस झाली ना."

आसावरीच्या हातात चिंधी होती. ती तिने नीट घडी करून बाजूला ठेवली.

"सिद्धेश, तुला वेळ आहे?"

"का?"

"गाडीत बस. हा लॅपटॉप मांडीवर घे. मी चालवते, तू आकडे वाचायचे. एकटीला दोन्ही जमत नाही."

"कसले आकडे? कोड असला तर दिसेल ना आधीच."

"कोड नाही. फेब्रुवारीतही नव्हता."

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानासमोर मोठं रिकामं पार्किंग होतं. तिथे तिने गाडी नेली. लॅपटॉपवर चार रकाने: चार चाकं, प्रत्येकाचा वेग. चाकाच्या आत दात्यांचं एक कडं फिरतं. त्याच्यासमोर बोटाच्या पेराएवढा सेन्सर बसवलेला असतो, तो दाते मोजतो आणि कॉम्प्युटरला कळवतो, चाक इतक्या वेगाने फिरतंय. हे तिने त्याला गाडी वळवता वळवता सांगितलं.

"वाच."

"वीस, वीस, वीस, वीस."

"आता मी हळू करतेय. वाचत राहा."

"पंधरा. सगळी पंधरा. बारा, बारा, बारा, बारा. आसावरी, काय बघायचंय नक्की?"

"वाच."

"दहा, दहा, दहा, दहा. नऊ, नऊ..." तो थांबला. "नऊ, शून्य, नऊ, नऊ."

त्याच क्षणी तिच्या पायाखाली जातं फिरलं. घरघर, घरघर. तिने ब्रेक दाबून धरला होता, तरी गाडी पांढरी रेघ ओलांडून पुढे गेली आणि मग थांबली.

सिद्धेश म्हणाला, "परत कर."

तिने परत केलं. पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा.

"शून्य कोण आहे?"

"पुढचं उजवं चाक. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ नऊ हिवाळे खाल्लंय गाडीने. सेन्सरच्या बुडाशी गंज धरला, त्या गंजाने त्याला नखभर वर उचललं. वेगात असताना त्याला दाते दिसतात. गाडी हळू झाली की दिसत नाहीत. कॉम्प्युटरला वाटतं चाक अडकलं, घसरतंय. म्हणून तो ब्रेक सोडतो. कोरड्या रस्त्यावर. दिवा लागत नाही, कारण त्याच्या मते सगळं बरोबर चाललंय."

"म्हणजे बाबांनी..."

"ब्रेकच दाबला होता."

सिद्धेशने लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला. माणूस आकड्यांत जगणारा. त्याने ते शून्य आणखी एकदा पाहून घेतलं.

"हे फेब्रुवारीत दिसलं असतं?"

"हो."

"मग?"

"मी चालवून बघितली नाही. काका सांगत होते, कोरड्यावर झालं. मी त्यांना ऐकवलं, कोरडं नसतं ते."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती समोर, त्या पांढऱ्या रेघेकडे. "मला गॅरेजला सोड," तो शेवटी म्हणाला.

*

चाक उतरवल्यावर सेन्सर हातात आला, बुडाशी गंजाचे पापुद्रे घेऊन. देवांगने तो उलटसुलट पाहिला.

"नो कोड, नो फॉल्ट. आपण तेच लिहिलंय, तुझ्या सहीने," तो म्हणाला. "लोक बाई मेली म्हणून रडून मोकळे झालेत, आसा. आता तू कागदावर लिहिणार की आमच्याकडे आली होती आणि आम्हाला दिसलं नाही?"

"मला दिसलं नाही."

"दुकान माझं आहे, यार."

"सही माझी आहे."

"लिहिशील तर एकटी लिहिशील. सोमवारी येऊ नकोस मग."

तिने लिहिलं. मराठीत, कारण वाचणारा माणूस मराठी होता. चाक कुठलं, दोष कुठला, कधी तपासली, काय तपासायचं राहिलं. खाली नाव. सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

शनिवारी दुपारी ती सिद्धेशच्या घरी गेली. हॉलमध्ये दोन सुटकेसा वजन करून ठेवल्या होत्या. काका खिडकीजवळच्या खुर्चीत, उजवा पाय मांडीखाली.

"दहाव्यापासून असेच बसतात," सिद्धेश हळूच म्हणाला. "बूटसुद्धा मी घालतो त्या पायात. स्वतः हात लावत नाहीत."

ती गालिच्यावर त्यांच्यासमोर बसली. पिशवी त्यांच्या हातात दिली. कागद सिद्धेशने वाचला; काकांनी बोटाने खूण केली, तसा दुसऱ्यांदा वाचला.

"म्हणजे पाय?" काका म्हणाले. तीन आठवड्यांतला त्यांचा पहिला शब्द असावा; आवाज खरखरला.

"पाय ब्रेकवर होता, काका. सगळा वेळ. तुमची चूक नाही. माझी आहे. तुम्ही बरोबर सांगत होता, मी ऐकलं नाही."

काकांनी पाय मांडीखालून काढला. दोन्ही हातांनी घोटा धरून, झोपलेलं मूल उतरवावं तसा, गालिच्यावर ठेवला. मुंग्या आल्या असणार. बोटं आखडली, सुटली. सिद्धेश तोंड फिरवून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

आसावरीला वाटलं, निदान एवढं झालं. ती उठायला लागली.

"बस," काका म्हणाले.

ती बसली.

"घरघरली नं गाडी, तवा पाय उचलत होता माझा. सवयीनं. दाब-सोड करणार होतो मी." ते पिशवीतल्या सेन्सरकडे बघत होते. "मंग तुझं आठवलं. म्हटलं, पोरीनं सांगितलं, उचलायचा नाही. दाबून धरला. ती माझ्याकडे पाहत होती, डबा हातात धरून. तरी दाबून धरला."

आसावरीला उत्तर माहीत होतं. परवा त्या पार्किंगमध्ये, सिद्धेशला सोडल्यावर, ती एकटी परत गेली होती आणि तिने करून पाहिलं होतं. पाय उचलला की कॉम्प्युटर आपला खेळ थांबवतो. तोवर गाडी इतकी हळू झालेली असते, की पुन्हा दाबल्यावर तो मधे पडत नाही. पाच वेळा केलं. पाचही वेळा गाडी रेघेच्या आत थांबली. हे तिने कागदावर लिहिलं नव्हतं.

"उचलला असता तर?" काकांनी विचारलं.

दारातून सिद्धेशने मान हलवली. नको, अशी.

तिने कागदाकडे पाहिलं. खाली तिचं नाव होतं.

"थांबली असती, काका."

काकांनी हळूहळू मान डोलावली, रस्ता विचारल्यावर कुणी बरोबर सांगितला असावा तशी.

"मले येत होतं गं," ते म्हणाले. "गाडी चालवणं. मले येत होतं."

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन सुरू झालं. काकांचा उजवा पाय गालिच्यावरून जरासा उचलला गेला, खाली टेकला. पुन्हा उचलला, टेकला. दाब, सोड. दाब, सोड.

"बाबा," सिद्धेश म्हणाला. "बाबा, बस झालं."

पाय थांबला नाही. आसावरी समोर बसून होती; या वेळी तिने तो अडवला नाही.