सिस्टरबाई आणि टिकली

सिस्टरबाईंना घाई करताना मी फक्त एकदाच पाहिलं, आणि त्या एकदाच्या घाईनं त्यांचा गुडघा गेला.

एरवी त्यांचं सगळं संथ. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात तीसेक वर्षं बाळंतपणं करून त्या निवृत्त झाल्या आणि पांढुर्ण्याला आमच्या शेजारच्या घरात राहायला आल्या. मुलगी जबलपूरला, नवरा कधीचाच वारलेला. बाजारात त्यांच्यासोबत जाणं म्हणजे शिक्षाच होती. दर दहा पावलांवर कोणीतरी नमस्कार करायचं. मोटरसायकलवरून जाणाऱ्या एखाद्या मिशाळ गृहस्थाकडे बोट दाखवून त्या म्हणायच्या, "हा माझ्या हातचा. पायाळू होता. भल्ला त्रास दिला यानं." तो बिचारा ऐकू आलं नाही असं दाखवून पुढे निघून जायचा.

अशा बाईच्या पदरी देवानं टिकली दिली. दवाखान्याच्या आवारात सापडलेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली गावठी कुत्री. नाव ठिपक्यावरून ठेवलं असलं तरी आम्हा शेजाऱ्यांना ते दिवाळीतल्या टिकल्यांवरून ठेवलं असावं असंच वाटायचं. फाटक वाजलं, दूधवाला आला, वाऱ्यानं पिशवी उडाली, की ही फुटली! मधली भिंत ती सहज ओलांडायची. एका उन्हाळ्यात तिनं आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया निम्म्या खाल्ल्या आणि उरलेल्या तुडवल्या. मी भांडायला म्हणूनच सिस्टरबाईंच्या घरी पहिल्यांदा गेले.

त्यांनी मला बसवलं, चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुझं बरोबर आहे. आता तूच सांग, भिंत उंच करू का कुत्रं शाणं करू?"

मी शाळेत गणित शिकवते. प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय. "कुत्रं," मी म्हटलं.

"मग चाल संध्याकाळी माझ्यासोबत," त्या म्हणाल्या. मी भांडण विसरून त्यांच्यासोबत ढोराच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं टिकलीला तपासलं, तेवढ्यात टिकलीनं त्यांची पावती फाडली. ते हसून म्हणाले, "हिला रोग नाही, हिला काम नाही." नागपूरला दर हिवाळ्यात कुत्र्यांची अ‍ॅजिलिटीची स्पर्धा होते, हेही त्यांनीच सांगितलं. कुत्र्यानं उड्या मारायच्या, बोगद्यातून जायचं, रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी पळायचं, आणि मालकानं हात न लावता नुसत्या आवाजानं, इशाऱ्यानं त्याला न्यायचं. चुकलं की गुण कापतात, वेळ लागला तरी कापतात.

तिगावच्या रस्त्याला संत्र्याच्या एका व्यापाऱ्याचं आवार होतं. हंगाम संपला की ते रिकामं पडायचं. व्यापारी अर्थातच सिस्टरबाईंच्या हातचा. संत्र्याच्या झाडांना टेकू देतात ते बांबू त्याच्याकडून मिळाले, रंगाच्या रिकाम्या डब्यांवर ते आडवे ठेवून उड्यांची सोय झाली. पाण्याच्या पाइपाला बाक देऊन त्यावर ताडपत्री शिवली आणि बोगदा केला. रोज सकाळी सहाला आम्ही तिथं. टिकली उड्या झकास मारायची, फक्त आम्ही सांगू त्या नाही.

त्या हिवाळ्यात माझ्या गाडीतून आम्ही नागपूरला गेलो. मैदानावर तुकतुकीत कुत्री, तुकतुकीत माणसं. एका बाईंनी टिकलीकडे पाहून विचारलं, "कोणती ब्रीड आहे?"

"सौंसर सरकारी दवाखाना," सिस्टरबाई गंभीरपणे म्हणाल्या. बाईंनी मान डोलावली.

शिटी वाजली. टिकलीनं पहिली उडी घेतली आणि दोरी ओलांडून थेट समोशांच्या ठेल्याकडे धाव घेतली. लोक हसायला लागले, ओरडायला लागले, तशी ती आणखी चेकाळली. "टिकले! ए टिकले!" करत सिस्टरबाई तिच्यामागे पळाल्या. माझ्यासमोर त्यांचा पाय वळला आणि त्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. टिकली तोवर बोगद्यात शिरून बसली होती. दोघींनाही मीच बाहेर काढलं.

डॉक्टरांनी पळायला कायमची मनाई केली. जबलपूरहून मुलगी, वर्षा, आली. तिचं म्हणणं चूक नव्हतं. "मावशी, तुम्हीच समजवा," ती मला म्हणाली. "कुत्री शेतावर देऊन टाकू. राखणीला राहील, बांधलेली राहील. आई एकटी असते, उद्या पुन्हा पडली तर?" बोरगावचं शेतही तिनं पाहून ठेवलं होतं. मलाही ते पटत होतं.

सिस्टरबाईंनी आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत त्या अंगणात खुर्ची टाकून नुसत्या टिकलीकडे पाहत बसायच्या. नवव्या दिवशी मला म्हणाल्या, "चूक माझीच झाली वं. मी ओरडली. वॉर्डात बाई ओरडून राहिली की आपण आवाज खाली घ्यायचा. मग तिले ऐकायसाठी तरी चूप बसावं लागते. हे मले सगळं माहीत होतं, पण कुत्र्यापाशी विसरली."

कुत्री शेतावर गेली नाही. आवाराच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची गेली. सिस्टरबाई तिच्यावर बसून बोलायच्या, इतकं हळू की दहा पावलांवर मलाही नीट ऐकू यायचं नाही. "वर." "आत." "डावीकडं, बेटा." टिकली भुंकायला लागली की त्या आणखी हळू बोलत. पहिले दोन महिने काहीच झालं नाही. मी बांबू उचलून उचलून कंटाळले. एकदा चिडून म्हटलं, "सिस्टर, हे होणार नाही."

"काहून नाही होणार? तुझ्या वर्गात पहिल्याच दिवशी सगळ्यांले गणित येते काय?"

पाऊस संपता संपता एका सकाळी टिकली उधळली, अर्ध्यात थबकली, कान टवकारले आणि वळून त्यांच्याकडे पाहू लागली. सिस्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त म्हणाल्या, "आत." आणि ती बोगद्यात गेली.

पुढच्या स्पर्धेत खुर्ची चालत नव्हती. त्या काठी टेकून मैदानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. बाकीचे सगळे आपापल्या कुत्र्यासोबत पळाले होते, ही बाई जागची हलेना. आधी कुजबुज झाली. मग त्या काय बोलतात ते ऐकायला लोकच गप्प झाले. काठ्यांच्या रांगेत टिकली फुटलीच, बाहेर पडून एक गिरकी मारून आली. सिस्टरबाईंनी आवाज आणखी खाली घेतला. तिचं नाव एकदाच घेतलं. ती परत आली, चुकली तिथून पुन्हा शिरली आणि शेवटची उडी मारून सरळ त्यांच्या पायाशी जाऊन धापा टाकत बसली.

नऊ कुत्र्यांत टिकली पाचवी आली. परत येताना सावनेरला चहा पिताना सिस्टरबाई म्हणाल्या, "शाळेत मी कधी पाचवी नाही आली. माझी पोट्टी आली." मग बराच वेळ पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या गुडघ्याचं ऑपरेशन करायला जबलपूरला गेल्या. दोन महिन्यांत परत येणार होत्या. घराची किल्ली आणि टिकली माझ्याकडे. रोज संध्याकाळी फोन यायचा. माझी विचारपूस आधी, टिकलीची नंतर. ही शिस्त त्यांनी कधी मोडली नाही. ऑपरेशन नीट झालं, त्या वॉकर घेऊन चालायला लागल्या. आणि मग एका दुपारी मधल्या सुट्टीत वर्षाचा फोन आला. आई झोपेतच गेली, म्हणाली. हृदय थांबलं. पुढचा तास नववी ब चा होता. मी तो घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही, पण त्या दिवशी वर्ग फार शांत होता.

वर्षा घर आवरायला आली तेव्हा तिनं टिकलीबद्दल विचारलं. मी म्हटलं, "ती इथंच राहील." तिनं माझा हात धरला, आणि मग आम्ही दोघी मिळून भांडी बांधली.

या हिवाळ्यात मी टिकलीला घेऊन नागपूरला गेले. टेबलाशी बसलेल्या माणसानं फॉर्म भरायला घेतला. "मालकाचं नाव?" मी सिस्टरबाईंचं नाव सांगितलं. त्यांचं पूर्ण नाव मी तोंडानं कधी घेतलंच नव्हतं.

"त्यांची सही लागेल."

"त्या वारल्या."

त्यानं मान वर केली. "मग तुम्ही कोण?"

"शेजारीण."

त्यानं पेन खाली ठेवलं. मग कागद माझ्याकडे फिरवून म्हणाला, "मग तुम्हीच करा." मी सही करायला वाकले, तेव्हा टिकली माझ्या ओढणीचं टोक खाऊन राहिली होती.